पान दोनशे बारा

बाबांकडं एकच परदेशी पुस्तक होतं,
अमरावतीच्या प्रदर्शनातून साडेचार रुपयांत आणलेलं,
मॉस्कोत छापलेलं, इतक्या घट्ट बांधणीचं
की वाळवीनंही नाद सोडला.
लेखक : नाय्देन ग्रुदेव, सोफिया.
विषय : अणूचा गाभा कसा फिरतो.

शाळा सातवीपर्यंतची. बाबा दिवसा त्रैराशिक शिकवत
आणि रात्री कंदिलाशी तेच एक समीकरण मांडत,
तुराट्या मोडाव्या तसे कागद मोडत.
अडीच वर्षांनी म्हणाले,
"पान दोनशे बारा. हे उणं नाही होय, अधिक होय."
आई भाकरी थापत होती.
"मंग लिहा ना त्याले. मले काय सांगता?"

उत्तर चार महिन्यांनी आलं,
दारव्ह्याच्या पोष्टात सगळ्यांनी हाताळून झाल्यावर.
तिकिटावर गुलाब.
"आपलं बरोबर आहे. हे चिन्ह मी अकरा वर्षं
चुकीचं वागवतो आहे. आपलं विद्यापीठ कोणतं?"
बाबांनी लिहिलं : जिल्हा परिषद, यवतमाळ.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत तो आलाच.
मुंबईतली परिषद अर्धी टाकून,
मूर्तिजापूरहून छोट्या गाडीत, गुडघे हनुवटीला लावून.
मी दहा वर्षांची. वाढायला मी.
"आणखी?" विचारलं की तो मान आडवी हलवी.
मी टोपलं उचलून आत.
"झालं का पोट?" मान उभी.
मी ताटही उचललं.
दोन दिवस माणूस अर्धपोटी राहिला आमच्या घरी,
तिसऱ्या रात्री बाबांच्या ध्यानात आलं
आणि ते खाटेवरून पडेस्तोवर हसले :
"अवं, त्याच्या देशात हो म्हंजे आडवं!
चिन्ह उलटं हाय त्यायचं!"
त्या रात्री त्यानं अकरा भाकरी खाल्ल्या. मोजल्यात मी.

मग अंगणात त्यानं नावाचा अर्थ विचारला. उकंडराव.
बाबा सांगत होते, थांबत होते, शब्द शोधत होते :
आधीची तीन गेली, म्हणून मला सुपात घालून
उकंड्यावर ठेवलं, शेजारणीनं पायलीभर ज्वारीत विकत घेतलं,
म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलं पोर.
तो कितीतरी वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, मला चौकात ठेवलं होतं. पहाटे.
आधीची चार गेली होती.
नाय्देन म्हणजे सापडलेला.

बाकीचं आयुष्य पत्रांतून आलं, उलटसुलट.
बाप गुलाबाचा अर्क काढायचा, हातांना सदा सुगंध आणि भेगा.
सोफियात शिष्यवृत्ती, मग व्होल्गाकाठच्या संस्थेत बारा वर्षं,
एक सिद्धांत, देखणा, आणि एका गुरुवारी
यंत्रानं सांगितलं, गाभा तसा फिरत नाही.
"मी घरी गेलो, बायकोनं मसूर शिजवले होते," एवढंच लिहिलं त्यानं.
मग तिकडं सरकार पडलं, पगार पडला,
हिवाळ्यात खोली तापवायला पैसे नाहीत.
हातमोजे घालून लिहिलेली अक्षरं जाड झाली.
साठाव्या वर्षी तो पोरांना बीजगणित शिकवायला लागला.
"उकंडराव, आता आपण एकाच खात्यात."

त्यानं आणलेलं गुलाबाचं रोप एप्रिलातच जळालं होतं.
ते बाबांनी कधी कळवलं नाही.

शेवटचं पाकीट त्याच्या मुलीचं.
वडील गेले, आणि ही नवी आवृत्ती.
अख्खा सिद्धांत गाळलेला, प्रकरण सातच उरलेलं,
पान दोनशे बाराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात :
ही दुरुस्ती यवतमाळच्या श्री. उकान्द्रोव यांची.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
पुस्तक मांडीवर, बोट पानावर, भलत्याच ओळीवर.
"नाव बरोबर छापलं का वं?"
मी मान हलवली. आडवी.
एवढं त्यांना दिसलं असावं.
हसले. कोणत्या देशातली,
ते त्यांनी विचारलं नाही.